तुंबलेल्या मण्यांची पेटी: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

अनुदानाच्या अर्जात 'संशोधन समाजापर्यंत कसे पोहोचवाल?' असा एक रकाना होता. तेव्हा 'व्याख्यान व माहितीपत्रक' असं लिहून आम्ही मोकळे झालो होतो. आता त्या रकान्याची वसुली आली आहे. हातात सहा महिने आणि माणसं तीन: मी, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी आणि नाटकात काम करणारा एक जुना मित्र. मित्राला भौतिकशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच त्याला घेतलं आहे.

विषय असा: वाळू, गोळ्या, मणी असे सुटे कण अरुंद तोंडातून पडताना मध्येच का अडतात? तोंड पुरेसं रुंद असेल तर ते वाहत राहतात. रुंदी कणाच्या तीन-चार पटींवर आली की तोंडाशी काही कण एकमेकांना रेटून कमान धरतात आणि वरचा सगळा ढीग जागच्या जागी थांबतो. कुणी टिचकी मारेपर्यंत ढिम्म. विषय एवढाच. या 'एवढाच'मध्ये माझी अकरा वर्षं गेली आहेत.

माहितीपत्रकाचा पहिला मसुदा आजच लिहिला. सहाशे शब्द. मला तरी झकास वाटतोय.

७ जानेवारी

मित्राने मसुदा परत दिला. पहिल्या ओळीतल्या 'कणीय माध्यम'खाली रेघ आणि समासात शेरा: 'इथे उतरलो.'

मी वाद घातला. मग विद्यार्थिनीने एलिझाबेथ न्यूटन यांचा १९९०चा स्टॅनफर्डमधला प्रयोग सांगितला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२०पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सगळा वाद्यवृंद चालू असतो आणि ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते.

आम्ही लगेच करून पाहिलं. मी चार गाणी वाजवली, मित्राला एकही ओळखता आलं नाही. चौथ्या वेळी मी चक्क चिडले: "अरे, इतकं सोपं आहे!" त्याने काही न बोलता मसुदा माझ्यासमोर सरकवला.

१९ जानेवारी

मसुद्याच्या दोन आवृत्त्या केल्या, एक माझी आणि एक विद्यार्थिनीची. नावं झाकून दहा जणांना वाचायला दिल्या. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. परीक्षकांनी कथा वाचावी, नाव वाचू नये, हा त्यामागचा हेतू. आमची इयत्ता फारच खालची, पण युक्ती तीच वापरली.

दहापैकी आठ जणांना विद्यार्थिनीची आवृत्ती आवडली. (उरलेल्या दोघांना कुठलीच नाही.) कारण शब्द. आमच्या शास्त्रात कण एकदा अडल्यापासून पुन्हा अडेपर्यंत जेवढे पडतात त्यांना 'अव्हलांच' म्हणतात. मी इमानदारीत 'हिमलोट' लिहिलं होतं. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे डोंगर, बर्फ आणि गाडली गेलेली माणसं उभी राहिली. विद्यार्थिनीने लिहिलं होतं, 'एका खेपेला किती मणी पडतात?' खेप! अकरा वर्षांत हा शब्द मला सुचला नव्हता, कारण मी या विषयाचा विचार मराठीत कधी केलाच नव्हता. 'क्लॉगिंग'साठीही परिभाषेत काहीबाही सापडतं, पण 'तुंबणं' असताना त्याची गरज काय?

आजपासून खेप आणि तुंबणं. प्रयोगशाळेतसुद्धा.

२ फेब्रुवारी

तीन मिनिटांच्या व्याख्यानाची तालीम. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली सुरू केली. तिथे दुष्काळ होता. आंघोळ आटोपती घ्यावी म्हणून लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं टायमर लावत, त्यावरून ही कल्पना निघाली. ८०,००० शब्दांचा प्रबंध बोलून दाखवायला नऊ तास लागतील, असा त्यांचा हिशेब. तो तीन मिनिटांत सांगायचा. पडद्यावर एकच स्थिर चित्र. सोबत कुठलीही वस्तू आणायची नाही.

म्हणजे वाळूचा अभ्यास करणाऱ्या बाईने वाळूचं घड्याळ मंचावर नेलं तर ती बाद!

विद्यार्थिनीला ४ मिनिटं ५० सेकंद लागले. तिने कापाकापी केली आणि गेले ते सगळे 'परंतु'. बोलणं छान झालं, पण ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. कुठला 'परंतु' काढला तर चालतो आणि कुठला काढला की वाक्य खोटं होतं, हे ठरवायला तीन मिनिटांची तालीम फार बरी. स्पर्धेला मात्र पाठवत नाही. आमच्या विषयाला वस्तू लागते.

११ फेब्रुवारी

इतरांनी काय काय केलं ते पाहण्यात आठवडा गेला. 'पीएच.डी. नाचून दाखवा' ही स्पर्धा २००८पासून चालू आहे. काही नाच खरोखर सुंदर, काहींमध्ये नाचाच्या आधी दोन मिनिटं सूचनाच. लंडनच्या यूसीएल विद्यापीठात २००९पासून संशोधकांना विनोदी एकपात्रीसाठी उभं करत. मला झेपणारं नाही.

दोन गोष्टी मात्र मनात राहिल्या. एक, रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांचे तापमानाचे पट्टे, २०१८चे. दर वर्षाला एक उभा पट्टा, थंड वर्ष निळं, उष्ण वर्ष लाल. आकडे नाहीत, अक्ष नाहीत, शीर्षकसुद्धा लागत नाही. असा आलेख माझ्या विद्यार्थ्याने आणला असता तर मी तो तोंडावर परत केला असता.

दुसरी, डायना ताईमिना यांचं क्रोशाचं विणकाम. अतिपरवलयी (काठाकडे अधिकाधिक पसरत मुरडणारा) पृष्ठभाग वर्गात दाखवायला कागदी नमुने वापरत, ते फाटत. त्यांनी १९९७ साली तो चक्क विणला: ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत जायचं, की कापड आपोआप झालरीसारखं मुरडत जातं. ज्या भूमितीपाशी माझी गाडी विद्यार्थीदशेत अडली होती, ती इथे विणणाऱ्याच्या बोटांना कळते.

मित्र म्हणाला, "तुमचे मणी लोकांच्या हातात द्या. बोलू नका."

२५ फेब्रुवारी

पेटी तयार. दोन पारदर्शक पत्रे, मधे साडेसहा मिलिमीटरची फट, तीत सहा मिलिमीटरचे काचेचे मणी, म्हणजे मण्यांचा एकच थर. तळाला सरकत्या पट्ट्यांनी कमी-जास्त होणारं तोंड. कमान डोळ्यांना दिसते, हेच तिचं भाग्य. त्रिमितीय भांड्यात ती आत लपलेली असते.

पण पत्रे ॲक्रिलिकचे घेतले, ही चूक. मणी घासून पत्र्यावर स्थिर विद्युतभार साठतो आणि मणी माश्यांसारखे भिंतीला चिकटून राहतात. दोन दिवस आम्ही तुंबणं नव्हे, चिकटणं पाहत होतो. पुढचा पत्रा काचेचा केला, मागच्याला भार न साठू देणारा फवारा मारला. पेटी आता दोघांनी उचलावी लागते.

मणी मोजायचे कसे? मोजायचेच नाहीत, वजन करायचं. शंभर मणी २८ ग्रॅम. तराजूशेजारी तक्ता लावला.

६ मार्च

सहकाऱ्याची शंका: अप्रकाशित निष्कर्ष लोकांना दाखवले तर नियतकालिक लेख नाकारेल का? या भीतीचं मूळ जुनं आहे. फ्रान्झ इंगेलफिंगर या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी १९६९ साली नियम केला की, आधी दुसरीकडे छापून आलेलं आम्ही छापणार नाही. आमच्या नियतकालिकाचे नियम वाचले. मसुदा आधी खुला ठेवायला हरकत नाही. पेटीत तसंही नवं काही नाही. असं आज तरी वाटतंय.

१४ मार्च

पहिला दिवस, वाचनालयाच्या ओसरीत. फलकावर मोठ्या अक्षरांत एकच वाक्य: 'किती मणी पडल्यावर तुंबेल? अंदाज लिहा.' बाकी माहिती फलकाच्या मागच्या बाजूला.

रीत अशी. आधी कागदावर अंदाज. मग पेटीला टिचकी. मणी सुटतात, पडतात, अडतात. वजन करायचं, आकडा दुसऱ्या चिकट कागदावर लिहून भिंतीवर योग्य रांगेत लावायचा: शून्य ते चाळीस, चाळीस ते ऐंशी, असं पुढे.

सुरुवातीला मी शेजारी उभी राहून समजावून सांगत होते. मित्राने मला खुर्ची देऊन लांब बसवलं. त्यानंतर गर्दी वाढली, हे इथे नमूद करते.

बहुतेकांचा अंदाज 'शंभर'. गोल आकडा. पहिल्या खेपेला १२ मणी पडले की लोक म्हणायचे, पेटी बिघडली. मग पुन्हा टिचकी, या वेळी १६०. एका आजोबांनी सात वेळा खेळून आम्हाला ठामपणे सांगितलं, "मोठ्या खेपेनंतर लहान येते, मी पाहिलंय." विद्यार्थिनी तोंड उघडणार होती, मी खूण केली. दुपारपर्यंत भिंतीनेच त्यांना उत्तर दिलं. आजोबा संध्याकाळी भिंत बघायला पुन्हा आले, बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "नाही, तसं नाहीये." इतक्या सरळपणे आपलं म्हणणं मागे घेणारा माणूस मी परिषदांमध्ये क्वचितच पाहिला आहे.

१५ मार्च

भिंतीवर १४३ कागद. पहिल्या रांगेत ५६, दुसरीत ३४, मग २१, १३, ८ आणि दोनशेच्या पुढे सगळे मिळून ११. सर्वात मोठी खेप ४१२ मण्यांची, लावणारी मुलगी सहा वर्षांची. सरासरी ऐंशीच्या आसपास.

माझ्या प्रत्येक लेखात हा घसरत जाणारा आलेख आहे. काल तो कागदी झालरीसारखा अनोळखी लोकांच्या हातून तयार झाला आणि कुणी 'घातांकी वितरण' हा शब्द उच्चारला नाही. 'सर्वात जास्त खेपा सर्वात छोट्या कशा?' हे मात्र निदान वीस जणांनी विचारलं. आम्ही फासा दिला: सहा पडेपर्यंत टाकत राहा. प्रत्येक फेकीला शक्यता तेवढीच, सहातली एक. म्हणून पहिल्याच फेकीत सहा येण्याचे प्रसंग सर्वात जास्त. पडणाऱ्या प्रत्येक मण्यालाही कमान धरण्याची बारीकशी संधी असते, दर वेळी साधारण सारखीच. आधी किती पडून गेले याचा तुंबण्याला पत्ता नसतो.

एक प्रश्न वेगळा होता. दहा-अकरा वर्षांची मुलगी: "टिचकी मारल्यावर लगेच तुंबतं, ते खरं तुंबणं का? का जुनीच कमान नीट मोडली नाही?"

मी उत्तर दिलं. घरी येताना लक्षात आलं की, ते उत्तर नव्हतं.

२१ मार्च

विद्यार्थिनीने आमचे जुने लेख चाळले. प्रत्येकात एक ओळ आहे: 'सुरुवातीच्या अत्यल्प खेपा विश्लेषणातून वगळल्या आहेत.' का वगळल्या, तर आधीच्या लेखात वगळल्या होत्या म्हणून. परीक्षकांपैकी कुणी कधी विचारलं नाही.

२ एप्रिल

मित्राची हौस: माणसांनाच कण करायचं. वीस स्वयंसेवक, एक अरुंद दार, 'सगळ्यांनी एकदम बाहेर पडा'. त्याला यातून छोटा नाट्यप्रयोग बसवायचा होता. हेल्बिंग, फर्कास आणि विचेक यांनी २००० साली संगणकावर दाखवलं होतं की, घाबरलेली गर्दी जितकी घाई करते तितकी दारातून हळू बाहेर पडते. लोकांना हे फार भावतं.

आमच्या दारात काहीच तुंबलं नाही. पहिले दोघं दाराशी पोचले आणि म्हणाले, "आधी तुम्ही." "नाही नाही, तुम्ही." मित्र ओरडतोय, "रेटा!" आणि लोक हसतायत. जोरात रेटायला सांगणं धोक्याचं, म्हणून ते केलंच नाही. मणी मणी असतात, कारण ते एकमेकांकडे बघत नाहीत.

मित्र खट्टू झाला. मला मात्र आजची तालीम सगळ्यात कामाची वाटली. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

९ एप्रिल

एका स्थानिक बातमीदाराने पेटीवर लिहिलं. मथळा: गर्दीतली चेंगराचेंगरी थांबवणारा शोध. मजकुरात माझं वाक्य, बरोबर उद्धृत केलेलं: 'तोंडाच्या थोडं वर एक अडथळा ठेवला तर तुंबणं खूप कमी होतं.' खरं आहे. मण्यांसाठी. स्पेनमधल्या नवारा विद्यापीठाच्या गटाने ते २०११ साली दाखवलं आणि आमच्या पेटीतही खुंटी लावून ते दिसतं. लोकांना हा भाग सर्वात आवडतो, कारण तो उलटा वाटतो: वाट अडवली की वाट मोकळी होते!

पण त्याच गटाने पुढे मेंढरांवर आणि माणसांवरही प्रयोग केले. दारासमोर खांब ठेवल्यावर मेंढरांचं बाहेर पडणं सुधारलं. माणसांच्या बाबतीत, २०१८च्या त्यांच्या लेखात, असा ठळक फायदा दिसला नाही. हे मला माहीत होतं आणि बातमीदाराशी बोलताना मी ते सांगितलं नाही. 'गर्दीसारखंच' हा शब्द माझ्या तोंडून दोनदा गेला, कारण तो म्हटला की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. चूक त्याच्या मथळ्याची कमी आणि माझ्या हव्यासाची जास्त.

दुरुस्तीचं पत्र पाठवलं. ते छापलं, आतल्या पानावर, चार ओळी. कुणी खरंच एखाद्या दारासमोर खांब रोवला तर काय, या विचाराने रात्री झोप लागली नाही.

११ एप्रिल

खुंटी काढायची नाही, असं ठरलं. तिच्याखाली नवी पाटी: 'मण्यांना जमतं. मेंढरांना जमतं. माणसांना? अंदाज लिहा.' उत्तर पाटीमागे. मित्राची फसलेली तालीमही आत घेतली: दोन मिनिटांचा प्रवेश, दोन मणी दाराशी येतात आणि 'आधी तुम्ही' करत बसतात. मुलं लोळून हसतात आणि मणी व माणूस यांतला फरक माझ्या कुठल्याही 'परंतु'पेक्षा लवकर पोचतो.

२० एप्रिल

वाळूच्या घड्याळावरून विद्यार्थिनीशी भांडण. पाणी असेल तर पातळी उतरेल तसा प्रवाह मंदावतो. वाळू मात्र शेवटपर्यंत एकाच वेगाने पडते. फलकावर मी लिहिलं होतं: 'कारण भिंती वाळूचं वजन पेलतात.' यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ साली दाखवलं की, उंच कोठारात धान्य वाढवत गेलं तरी तळावरचा दाब एका मर्यादेनंतर वाढत नाही. बाकीचा भार घर्षणामुळे भिंतींवर जातो. सुटसुटीत गोष्ट, सगळीकडे हीच सांगतात.

ती म्हणाली, "मॅडम, पण तोंडावरचा दाब बदलला तरी वेग बदलत नाही, हे २०१०मध्ये मोजलंय ना? मग दाब हे कारण कसं?" बरोबर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण एक दुसरीचं कारण नाही. मी म्हटलं, लोकांना एवढं बारीक नको असतं. ती म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?"

फलक बदलला. दाबाचं वाक्य गेलं, तिथे आलं: 'वाळूला वर किती ढीग आहे याची फिकीर नसते. तोंडाजवळच्या काही कणांपुरतंच तिचं जग.' विद्यार्थिनीची शेवटची हरकत 'फिकीर' या शब्दाला होती. ती मी मोडून काढली.

८ मे

दृष्टिहीन पाहुण्यांचा गट आला आणि आमची सगळी गंमत डोळ्यांची, हे तेव्हा कळलं. त्यातल्या एका बाईंनी पेटीच्या चौकटीला कान लावला. आम्ही चौकटीवर कंपन टिपणारा मायक्रोफोन चिकटवून ध्वनिवर्धकाला जोडला: सरसर, सरसर, टक, शांतता. तुंबण्याच्या क्षणाआधी आवाज बदलतो का, अशी पैज लगेच लागली. वांडा डियाझ-मर्सेड या दृष्टिहीन खगोलशास्त्रज्ञ आकडेवारी आवाजात बदलून अभ्यासतात, ते मी वाचलं होतं. वाचूनही पेटी बनवताना आठवलं नाही.

त्याच दिवशी, रंगांधांनाही फरक कळावा म्हणून, चिकट कागदांचे लाल-हिरवे रंग बदलून निळा आणि नारिंगी केले. हे आधीच करायला हवं होतं.

३० मे

अहवालाचा नमुना आला. रकाना: 'किती लोकांपर्यंत पोहोचलात?' चिकट कागद मोजले, १,२१८. पण एकेकाने सात-सात वेळा लावलेत, ते आजोबा कसे मोजायचे?

'अपेक्षित बदल' या रकान्यात खेप, खुंटी आणि 'वगळल्या आहेत' ही ओळ यांबद्दल लिहिलं. विभागातल्या एकाने वाचून विचारलं, "हे समाजाला काय मिळालं त्याचं आहे की तुम्हाला?" रकान्यात दोन्हींसाठी जागा नव्हती. पुरवणी जोडली.

१६ जून

त्या मुलीच्या प्रश्नावरचे प्रयोग सुरू. टिचकीऐवजी हवेचा बारीक झोत वापरून कमान मोडतो, शिवाय वेगवान कॅमेरा. जुन्या कमानीतले मणी रंगीत करून ठेवले आहेत; तेच पुन्हा नव्या कमानीत येतात का, ते मोजायचं. पहिल्या साठ खेपांपैकी दहांहून कमी मण्यांच्या अकरा. त्यांतल्या सातांत किमान दोन जुने मणी. साठ म्हणजे काहीच नाही. हजार तरी हव्यात.

वाचनालयाने पेटी आणखी दोन महिने ठेवून घेतली आहे. भिंतीशेजारी नवा फलक लावला, मुलीचा प्रश्न तिच्याच शब्दांत. खाली रंगीत मण्यांची वाटी आणि रिकामी भिंत. आज सकाळपासून नऊ कागद लागलेत. त्यातल्या एकावर आकडा नाही, फक्त 'टिचकी कुणी मारली ते पण लिहा, बाबा जोरात मारतात.'

टिचकी मारायला लंबक बसवायला हवा.